ओढा नसताना वॉटरक्रेस कसं वाढवायचं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी आहे, अकरापर्यंत ऊन असतं. ऑगस्टमध्ये वॉटरक्रेसचं, म्हणजे ओढ्याकाठी वाढणाऱ्या तिखट चवीच्या पालेभाजीचं, बी पेरलं. उगवलं दाट, पण आठ दिवसांत रोपं आडवी झाली. फेब्रुवारीअखेर पुन्हा पेरलं, तर वीतभर होण्याआधीच एप्रिलमध्ये फुलावर आलं आणि पानं कडूजहर. वाहतं पाणी नसेल तर हे घरी होतच नाही का? छोटा पंप बसवावा का?

होतं, आणि पंपाशिवाय होतं. तुमची पहिली पेरणी पावसाळी दमटपणाने गेली, दुसरी उन्हाळ्याने. वाहत्या पाण्याचा दोन्हींशी काही संबंध नव्हता. महाराष्ट्राच्या पठारावर हे हिवाळ्याचं पीक आहे. हरभरा, मेथी, मटार ज्या दिवसांत खुशीत असतात, तेच दिवस याचे.

आधी रोप नक्की तेच आहे ना, हे पाहा, कारण नावांचा घोळ मोठा आहे. आपण लाडवात घालतो ते अळीव म्हणजे गार्डन क्रेस. ते याच मोहरीच्या कुळातलं आहे, चवही जवळची, पण झाड वेगळं आणि हंगामी. वॉटरक्रेसचं शास्त्रीय नाव नॅस्टर्शियम ऑफिसिनाले. हेच नाव ऐकून नर्सरीवाला तुम्हाला केशरी-पिवळ्या फुलांचं, गोल पानांचं नॅस्टर्शियम देईल. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि नदीवर पसरते ती जलपर्णी तर पूर्णच निराळी. खऱ्या वॉटरक्रेसचं देठ पोकळ असतं, एका देठाला जोडीजोडीने गोलसर पर्णिका आणि टोकाला एक जरा मोठी पर्णिका, आणि पेरापेरातून पांढरी मुळं फुटतात. पान चावलं की आधी काहीच वाटत नाही, मग मुळ्याच्या पाल्यासारखा तिखटपणा नाकात चढतो.

आता पाण्याचं. इंग्लंडमध्ये याची व्यापारी लागवड १८०८ साली विल्यम ब्रॅडबरी याने केंट परगण्यात नॉर्थफ्लीटजवळच्या स्प्रिंगहेड इथे सुरू केली. पुढे हॅम्पशर आणि डॉर्सेट ही तिथली मुख्य ठिकाणं झाली. तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांतून झरे निघतात आणि त्यांचं पाणी बारा महिने १०-११ अंशांच्या आसपास असतं. त्यावरून ‘वाहतं पाणी लागतंच’ असा समज पक्का झाला. पण ते वाहतं पाणी रोपाला नेमकं काय देतं? गारवा, विरघळलेला प्राणवायू आणि कॅल्शियम. हे तिन्ही कुंडीत देता येतात.

यातला प्राणवायूचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे पाणी तापलं की मुळांचा श्वास कोंडतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुळं कुजवणाऱ्या बुरशीला जोर चढतो. म्हणून पंप लावून कोमट पाणी गोल फिरवण्यात फारसा अर्थ नाही. उलट छोट्या टबात पंपाची मोटार पाणी आणखी तापवते. रोज सकाळी वरून गार पाणी ओतलं, ते मातीतून खाली उतरलं आणि ताटलीतलं शिळं पाणी बाहेर पडलं, की तुमच्या बाल्कनीपुरता ओढा वाहिला.

कुंडी उथळ आणि रुंद घ्या. १५ सेंटिमीटर खोली पुरते, रुंदी ३० सेंटिमीटर असेल तर उत्तम. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, कारण माठात पाणी जसं गार राहतं तसाच तिच्या अंगातून पाझर होऊन मुळांना गारवा मिळतो. तळाला चार-पाच भोकं हवीतच, बिनभोकाच्या टबात लावू नका. भोकांवर नारळाच्या काथ्याचा किंवा सुती कापडाचा तुकडा टाका. खाली ५-६ सेंटिमीटर काठाची प्लेट किंवा घमेलं ठेवा आणि त्यात पाणी फक्त २-३ सेंटिमीटर. तळाची माती कायम भिजलेली, वरची ओलसर पण हवेशीर, अशी स्थिती आपल्याला हवी आहे. कुंडी निम्म्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवली तर पहिले पंधरा दिवस रोप छान दिसतं आणि मग पिवळं पडायला लागतं.

भरण्यासाठी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग जाडी वाळू. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. पुण्या-मुंबईचं धरणाचं पाणी हलकं असतं, त्यात कॅल्शियम कमी. तिथे एका कुंडीला दोन चमचे डोलोमाइट (कॅल्शियम असलेल्या दगडाची पूड) किंवा अंड्याच्या टरफलांची बारीक पूड मिसळा. पानाचा चुना घालायचा मोह टाळा, त्याने मातीचा सामू (पीएच) एकदम चढतो. साडेसहा ते साडेसात हा सामू याला मानवतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे ते चालतं. पण पाणी मचूळ लागत असेल तर नको, पानांच्या कडा करपतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी आणि सोसायटीच्या, मीठ वापरून पाणी हलकं करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रातलं पाणी, ही दोन्ही या पिकाला वर्ज्य.

लागवड बियापासून करावी की काडीपासून, असं विचाराल तर पहिल्या वर्षी काडीच. बी खसखशीहूनही बारीक असतं, उगवण मंद असते आणि पहिले तीन आठवडे रोप इतकं नाजूक असतं की एका दुपारच्या दुर्लक्षाने जातं. काडी आठवड्यात मुळं धरते. परदेशी भाज्या ठेवणाऱ्या दुकानात किंवा हायड्रोपोनिक शेती करणाऱ्यांकडे वॉटरक्रेसची जुडी मिळते. जुडी घेताना पानांपेक्षा देठाकडे पाहा. देठ टणक हवं, आणि पेरापाशी मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे उंचवटे दिसले तर तीच उचला, ती मुळं फुटायच्या बेतात असतात.

१०-१२ सेंटिमीटरची काडी कात्रीने पेराच्या जरा खाली कापा. खालची पानं काढा, शेंड्याकडची तीन-चार ठेवा. काचेच्या ग्लासात दोन पेरं बुडतील एवढं पाणी घेऊन ग्लास सावलीत, पण उजेडात ठेवा. पाणी रोज बदला. एक दिवस चुकला तर देठाचं टोक बुळबुळीत होतं. तेवढं कापून टाका आणि पुढे चला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेरातून पांढरे, शिवणाच्या दोऱ्यासारखे धागे निघतात आणि आठवड्यात ते दोन-तीन सेंटिमीटर होतात. याहून लांब होऊ देऊ नका, पाण्यात वाढलेली लांब मुळं मातीत लावताना मोडतात. काडी तिरकी लावा, दोन पेरं मातीत जाऊ द्या. ३० सेंटिमीटरच्या कुंडीत आठ काड्या पुरेत. पहिले चार दिवस ऊन नको, नंतर सकाळचं ऊन द्या.

बियापासूनच करायचं असेल तर ऑगस्टमध्ये काय झालं ते समजून घ्या. दाट पेरणी, दमट हवा, वरची माती सतत ओली आणि उजेड कमी, एवढं जुळलं की बुरशी रोपाचा देठ मातीलगत सुतासारखा बारीक करते आणि रोप कोलमडतं. वरून पान हिरवंगार, खाली देठ कुजलेला. तेव्हा चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरा म्हणजे विरळ पडतं. बियांवर माती टाकू नका, उगवायला उजेड लागतो. फक्त तळव्याने हलकं दाबा. पाणी वरून न देता खालच्या प्लेटमधून द्या, आणि वर फवारा लागलाच तर सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकतो. १३ ते २० अंशांत आठ ते चौदा दिवसांत उगवण होते. २५ च्या वर ती रेंगाळते आणि तुटक होते. खरी पानं दोन-तीन झाली की ४-५ सेंटिमीटरवर विरळणी करा. उपटलेली रोपं फेकू नका, तशीच खायला घ्या.

वेळेचं गणित असं बसवा. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास काड्या लावा, बी असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध ही खरी काढणी. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत हंगाम लहान असतो. तिथे बी पेरू नका, नोव्हेंबरअखेर मुळं धरलेल्या काड्या लावा आणि फेब्रुवारीपर्यंत जे मिळेल त्यात समाधान माना. महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळ्याचे पहिले आठवडेही चालून जातात. इंग्लंडमध्ये किंवा तशाच थंड देशात राहत असाल तर हे उलटं वाचा: एप्रिल ते सप्टेंबर हंगाम, आणि कडक थंडीत कुंडी आत.

फुलावर येण्याचं कारण दुहेरी आहे, लांबणारा दिवस आणि चढणारं तापमान. मार्चमध्ये दोन्ही एकदम येतात, म्हणून फेब्रुवारीअखेरची पेरणी तुमच्याकडे कधीच जमणार नाही. पांढरी बारीक फुलं दिसायच्या आधी शेंडा सरळ वर धावतो, पानं लहान आणि टोकदार होतात. ही खूण दिसताच शेंडे खुडलेत तर आठ-दहा दिवस मिळतात, त्याहून जास्त नाही.

रोजचं काम पाच मिनिटांचं. आदल्या रात्री बादलीत पाणी भरून ठेवा. रात्रभरात ते गार होतं आणि क्लोरीनही बराचसा उडून जातो. सकाळी वरून सावकाश लिटर-दीड लिटर ओता, प्लेट भरून वाहू द्या, मग तिच्यात २-३ सेंटिमीटरच पाणी ठेवा. वाहिलेलं पाणी शेजारच्या कढीपत्त्याला किंवा तुळशीला जाईल अशी सोय केली तर वायाही जात नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी या कुंडीत कधीही घालू नका. पानं दुपारी मलूल दिसली तरी संध्याकाळपर्यंत थांबा. मुळांची तब्येत पाहायची असेल तर कुंडी उचलून भोकातून डोकावणारी मुळं बघा. पांढरी, करकरीत असतील तर सगळं ठीक. तपकिरी, ओढताच साल निघून आत दोरा उरणारी मुळं म्हणजे कूज. आणि प्लेटच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खालची माती पूर्ण गुदमरली आहे. अशा वेळी औषध शोधत बसू नका: वरचे निरोगी शेंडे कापून पुन्हा ग्लासात लावा आणि माती बदला.

डासांचा विषय मी अगदी आग्रहाने सांगतो आहे, कारण उघड्या पाण्याची ही प्लेट म्हणजे डेंगीच्या डासाला आयतं घर. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. दर तिसऱ्या दिवशी प्लेट पूर्ण रिकामी करा आणि आठवड्यातून एकदा काठ काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासा. याहून सोपा उपाय म्हणजे प्लेटमध्ये बारीक खडी भरायची आणि पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली ठेवायची. उघडं पाणीच दिसलं नाही की डास बसत नाही, ऊन न पोचल्यामुळे शेवाळही होत नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त गावाला जाणार असाल तर प्लेट कोरडी करून कुंडी सावलीत ठेवा आणि वरून भरपूर पाणी द्या. गप्पी मासे सोडायचा सल्ला मिळेल, पण कच्च्या खायच्या भाजीच्या पाण्यात माशांची विष्ठा नको.

खत बेताने. गांडूळखत चांगलं असेल तर पहिला महिना काहीच लागत नाही. पुढे दर दहा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, प्लेट रिकामी केलेल्या दिवशी वरून द्या, आणि काढणीच्या आधीचे सात दिवस बंद ठेवा, म्हणजे पानांत नायट्रेट साठत नाही. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे. ती बहुतेक वेळा मातीत लोह नसल्याने नव्हे, तर सामू चढल्याने येते. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं; लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (सामू चढलेला असतानाही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) घालून एकदा दिलं की नवी पानं हिरवी येतात. जानेवारीच्या कडाक्यात पानांवर जांभळी-तांबूस झाक आली तर घाबरू नका, ती थंडीची आहे आणि त्या पानांची चव उत्तम असते.

शेणस्लरी, जीवामृत, ताजं शेणखत मात्र या कुंडीत अजिबात नको. बाकी झाडांना खुशाल द्या. ही भाजी बहुतेक वेळा कच्ची खाल्ली जाते आणि तिचे देठ पाण्यालगत असतात. ओढ्याकाठचं जंगली वॉटरक्रेस कच्चं खाऊ नये तेही यासाठीच. गुरं-मेंढ्यांच्या विष्ठेतून लिव्हर फ्लूक नावाच्या चपट्या कृमीची अंडी पाण्यात जातात, तिथल्या गोगलगायीत तो वाढतो आणि मग पाणवनस्पतींच्या पानांवर कवच करून चिकटून बसतो. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात धुऊन तो खात्रीने जात नाही, शिजवल्यावरच मरतो. नेपाळी बोलणाऱ्यांत हीच भाजी सिमरायो म्हणून परतून खातात, ती पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे. शिवाय वॉटरक्रेस पाण्यातले जड धातू शोषून घेतं, म्हणून सांडपाणी आणि वॉशिंग मशीनचं पाणी इथे नको. नळाच्या पाण्यावर, गोगलगाय नसलेल्या कुंडीत वाढवलेलं पान निर्धास्त कच्चं खाता येतं. घरी वाढवण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो.

किडींत मावा पहिला. फेब्रुवारीत हवा उबदार झाली की कोवळ्या शेंड्यांच्या खाली राखाडी-हिरवा थर दिसतो. दोन-तीन दिवस लागोपाठ पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर आटोक्यात येतो. कडुनिंबाचं तेल मारून त्या पानांची चव घालवण्यापेक्षा, मावा फार झाला तर सगळं रोप ५ सेंटिमीटरवर कापून कापलेलं फेकून द्या. थंडी शिल्लक असेल तर तीन आठवड्यांत ते पुन्हा भरून येतं. पानांना गोल भोकं पडली तर हिरवी अळी असते. ती पानाच्या खाली मधल्या शिरेला चिकटून बसते, सकाळी हाताने वेचा.

काढणी काडीपासून चार-पाच आठवड्यांनी, बियापासून आठ. फुटवे वीतभर झाले की कात्रीने, खाली दोन-तीन पेरं राखून कापा. हाताने ओढू नका, मुळं वरवर असतात आणि सगळी काडी उपटून येते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका. दोन कुंड्या असतील तर आलटून-पालटून कापा, दर आठवड्याला एक मूठ मिळते. चौघांच्या घराला चटणी-कोशिंबिरीपुरतं ते होतं. जुडीच्या जुडी भाजी करायची असेल तर सहा-सात कुंड्या लागतील, हे आधीच लक्षात घ्या. कापलेली पानं फार लवकर सुकतात. देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून, वरून सैल पिशवी घालून फ्रिजमध्ये ठेवलीत तर तीन-चार दिवस टिकतात.

मार्चमध्ये रोप टाकून देण्याआधी पाच-सहा निरोगी शेंडे कापून नव्या मातीत लावा आणि ती कुंडी घरातल्या सगळ्यात गार, उजेडी कोपऱ्यात ठेवा, वर ५० टक्के शेडनेट. पाणी दिवसातून दोनदा बदला, आणि माठातलं मिळालं तर फारच छान. वाढीची अपेक्षा ठेवू नका, जगवायचं एवढंच. सहापैकी दोन काड्या ऑक्टोबरपर्यंत टिकल्या तरी पुढच्या हंगामाला दुकानात जावं लागत नाही. जोडीला एका रोपाला फुलू देऊन शेंगा धरा. त्या मोहरीसारख्याच, पण लहान असतात आणि पिवळ्या होताच उकलतात, म्हणून उकलायच्या आधी कागदी पिशवीत काढून सावलीत वाळवा.

खाण्याबद्दल दोन गोष्टी. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉटरक्रेस पोषणमूल्यांच्या यादीत पहिलं आलं, आणि तेव्हापासून त्याचं फार कौतुक चालतं. ती मोजणी दर कॅलरीमागे मिळणाऱ्या पोषकांची होती, आणि १०० ग्रॅम वॉटरक्रेसमध्ये कॅलरी जेमतेम ११ असतात. त्यामुळे यादीतला नंबर पाहून मेथी-पालकाला कमी लेखू नका. मात्र त्यात के जीवनसत्त्व खरोखर भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे २५० मायक्रोग्रॅम. घरात कोणी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेत असेल तर ही भाजी अचानक रोज सुरू करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

दुसरी गोष्ट तिखटपणाची. तो पानात तयार नसतो. पान चिरलं किंवा चावलं की आतलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो निर्माण होतो. उष्णतेने ते विकर मरतं, म्हणून फोडणीत परतलेली पानं मऊ आणि सौम्य लागतात. तिखटपणा हवा असेल तर चिरून पाच मिनिटं तशीच ठेवा आणि गॅस बंद केल्यावर वरणात घाला, किंवा घट्ट दह्यात मीठ, किंचित साखर आणि शेंगदाण्याचं कूट घालून कोशिंबीर करा. मुळ्याची कोशिंबीर ज्यांना आवडते त्यांना ही पहिल्या घासातच आवडते.